सरन्यायाधीशपद सहाच महिने का? दोन वाढदिवसांमधल्या अंतराची गोष्ट

१४ मे २०२५ रोजी भूषण रामकृष्ण गवई यांनी देशाचे ५२वे सरन्यायाधीश म्हणून शपथ घेतली, तेव्हा अमरावती आणि नागपूरच्या लोकांना आपल्या घरातलेच कोणी तिथे पोहोचल्यासारखा आनंद झाला. मात्र नेमणुकीच्या त्याच बातमीत त्यांच्या निवृत्तीची तारीखही छापलेली होती : २३ नोव्हेंबर २०२५. माणूस पदावर बसण्याआधीच तो कधी उतरणार हे ठरलेले असावे, आणि देशाच्या सर्वोच्च न्यायपदाची मुदत एखाद्या शाळेच्या सत्राएवढी असावी, हे अनेकांना चमत्कारिक वाटले. त्यांच्या आधीच्या संजीव खन्ना यांनाही जेमतेम सहा महिनेच मिळाले होते आणि २०२२ मध्ये उदय लळीत तर ७४ दिवसांतच निवृत्त झाले होते.

हे असे का होते, हे समजून घ्यायचे तर न्यायमूर्तींच्या कारकिर्दीतल्या तारखा नीट वाचाव्या लागतात. आपण त्यांच्या निकालांची चर्चा करतो आणि तारखांकडे दुर्लक्ष करतो. कारकिर्दीची लांबी मात्र पुष्कळ अंशी तारखाच ठरवतात. गवई यांची कारकीर्द समोर ठेवली की हा हिशेब सहज उलगडतो.

न्यायाधीश, न्यायमूर्ती आणि सरन्यायाधीश

आधी शब्दांचा घोळ मिटवू. तालुका आणि जिल्हा न्यायालयात बसतात त्यांना आपण न्यायाधीश म्हणतो. उच्च न्यायालय आणि सर्वोच्च न्यायालयात बसणाऱ्यांना न्यायमूर्ती म्हणण्याची मराठीत रीत आहे. उच्च न्यायालयाच्या प्रमुखांना मुख्य न्यायमूर्ती, तर सर्वोच्च न्यायालयाच्या प्रमुखांना सरन्यायाधीश म्हणतात. हा फरक केवळ आदराचा नाही. जिल्ह्याच्या पातळीवर परीक्षा, बढती आणि बदली अशी नोकरीची शिडी असते. उच्च न्यायालयापासून पुढे ते घटनात्मक पद होते. तिथल्या न्यायमूर्तीला सरकार काढू शकत नाही, त्यासाठी संसदेच्या दोन्ही सभागृहांत विशेष बहुमताने ठराव मंजूर व्हावा लागतो.

उच्च न्यायालयात येण्याचे दोन दरवाजे आहेत. एक जिल्हा न्यायालयातून बढतीचा, दुसरा थेट वकिलीतून. घटनेच्या २१७व्या कलमानुसार दहा वर्षे न्यायिक पदावर काम केलेला किंवा दहा वर्षे उच्च न्यायालयात वकिली केलेला भारतीय नागरिक यासाठी पात्र ठरतो. दोन्ही दरवाजे एकाच खोलीत उघडत असले तरी आत शिरतानाचे वय वेगवेगळे असते. जिल्ह्यातून येणारी व्यक्ती बहुधा पन्नाशी ओलांडलेली असते, तर वकिलीतून येणारी चाळिशीत असू शकते. या एका फरकाचे परिणाम वीस वर्षांनंतर दिसतात.

सनद ते न्यायपीठ

गवई यांचा जन्म २४ नोव्हेंबर १९६० रोजी अमरावतीत झाला. वडील रा. सू. गवई, म्हणजे दादासाहेब गवई, हे आंबेडकरी चळवळीतले मोठे नाव. रिपब्लिकन पक्षाचे नेते आणि पुढे बिहार व केरळचे राज्यपाल. भूषण गवई यांनी १६ मार्च १९८५ रोजी वकिलीची सनद घेतली आणि १९८७पर्यंत बॅरिस्टर राजा भोसले यांच्या हाताखाली काम केले. भोसले हे माजी महाधिवक्ता आणि उच्च न्यायालयाचे माजी न्यायमूर्ती होते. त्यानंतर तीन वर्षे मुंबईत स्वतंत्र वकिली आणि १९९०पासून मुख्यतः नागपूर खंडपीठासमोर काम, असा पुढचा प्रवास आहे. नागपूर आणि अमरावती महापालिकांचे, तसेच अमरावती विद्यापीठाचे ते वकील होते. ऑगस्ट १९९२ ते जुलै १९९३ या काळात ते सहायक सरकारी वकील होते आणि १७ जानेवारी २००० रोजी नागपूर खंडपीठात मुख्य सरकारी वकील झाले.

इथे एक शंका हमखास येते : ज्याने वर्षानुवर्षे सरकारची बाजू मांडली, तो न्यायासनावर बसल्यावर सरकारकडे झुकणार नाही का? शंका रास्त आहे, पण ती वकिली या व्यवसायाच्या स्वरूपाकडे दुर्लक्ष करते. वकील ज्याची सनदशीर बाजू घेतो त्याच्याशी त्याचे लग्न लागत नाही. शिवाय सरकारी वकिलाला रोज जमीन, सेवा, कर, फौजदारी अपिले अशा सर्व प्रकारच्या प्रकरणांत उभे राहावे लागते आणि त्याचे काम न्यायमूर्तींना जवळून पाहता येते. न्यायमूर्तिपदासाठी नावे शोधताना सरकारी वकिलांकडे लक्ष जाते ते यामुळे. खरी काळजी घ्यायची असते ती वेगळीच : ज्या प्रकरणात पूर्वी वकील म्हणून काम केले, ते प्रकरण न्यायमूर्ती म्हणून ऐकायचे नाही.

‘अतिरिक्त’ या शब्दात काय दडले आहे

१४ नोव्हेंबर २००३ रोजी गवई मुंबई उच्च न्यायालयाचे अतिरिक्त न्यायमूर्ती झाले. त्रेचाळीस वर्षे पूर्ण व्हायला दहा दिवस बाकी होते. अतिरिक्त न्यायमूर्ती म्हणजे कामाचा बोजा वाढला म्हणून घटनेच्या २२४व्या कलमाखाली जास्तीत जास्त दोन वर्षांसाठी नेमलेला न्यायमूर्ती. कागदावर ही सोय तात्पुरत्या कामासाठी आहे. प्रत्यक्षात मात्र जवळजवळ प्रत्येक नवा न्यायमूर्ती आधी अतिरिक्त म्हणून येतो आणि दोन वर्षांनी कायम होतो. एखाद्या शिक्षकाला परिवीक्षेवर घ्यावे तसे. गवई यांना १२ नोव्हेंबर २००५ रोजी कायम करण्यात आले. तारीख पाहा. दोन वर्षांची मुदत संपायला एकच दिवस उरलेला होता.

मला ही व्यवस्था फारशी पसंत नाही. अतिरिक्त न्यायमूर्तीचे अधिकार कायम न्यायमूर्तीइतकेच असतात, त्याचा निकालही तितकाच बंधनकारक असतो. पण आपण कायम होणार की नाही हे ज्यांच्या मर्जीवर अवलंबून आहे, त्यांच्याच विरोधात निकाल देण्याची वेळ त्याच्यावर या दोन वर्षांत येऊ शकते. आणीबाणीच्या काळात काही अतिरिक्त न्यायमूर्तींना कायम केले गेले नाही, हा इतिहास फार जुना नाही.

पुढची साडेतेरा वर्षे गवई यांनी मुंबईच्या मुख्य पीठाबरोबरच नागपूर, औरंगाबाद आणि पणजी येथेही काम केले. मुंबई उच्च न्यायालय महाराष्ट्र आणि गोवा या दोन राज्यांबरोबर दादरा-नगर हवेली व दमण-दीव या केंद्रशासित प्रदेशाचेही आहे, त्यामुळे इथला न्यायमूर्ती एकाच कारकिर्दीत वैनगंगेच्या काठावरचा जमिनीचा वाद आणि गोव्यातला पोर्तुगीजकालीन वारशाच्या कायद्याचा वाद, दोन्ही ऐकू शकतो.

दिल्लीला कोण पाठवते

उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती ६२व्या वर्षी निवृत्त होतात, सर्वोच्च न्यायालयाचे ६५व्या वर्षी. म्हणजे मुंबईतच राहिले असते तर गवई नोव्हेंबर २०२२ मध्ये घरी गेले असते. वर नेण्याचा निर्णय न्यायवृंद घेतो. न्यायवृंद म्हणजे सरन्यायाधीश आणि सर्वोच्च न्यायालयाचे सर्वांत ज्येष्ठ चार न्यायमूर्ती यांचा गट. इंग्रजी बातम्यांत यालाच कॉलेजियम म्हणतात. घटनेत हा शब्द कुठेही सापडणार नाही. १९९३चा निकाल आणि १९९८चे मत यांतून न्यायालयानेच ही पद्धत घडवली. संसदेने घटनादुरुस्ती करून तिच्या जागी राष्ट्रीय न्यायिक नियुक्ती आयोग आणला, तोही १६ ऑक्टोबर २०१५ रोजी न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने रद्द केला.

मे २०१९ मध्ये न्यायवृंदाने गवई यांचे नाव सुचवले, तेव्हा त्या ठरावात दोन गोष्टी उघडपणे लिहिल्या होत्या. पहिली, मुंबई उच्च न्यायालयातले त्यांच्यापेक्षा ज्येष्ठ न्यायमूर्ती कमी योग्य आहेत असा या शिफारशीचा अर्थ कोणी काढू नये. दुसरी, या नेमणुकीमुळे सुमारे दशकभरानंतर सर्वोच्च न्यायालयात अनुसूचित जातीचे न्यायमूर्ती येतील. त्याआधीचे नाव होते माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांचे, ते मे २०१० मध्ये निवृत्त झाले होते.

यावर लगेच आक्षेप येतो की न्यायालयात जात कशाला पाहायची, गुणवत्ता पाहावी. पण न्यायवृंदाने गुणवत्ता सोडून जात पाहिली असे त्या ठरावात नव्हते. पंधरा वर्षांहून अधिक काळ न्यायदानाचा अनुभव असलेल्या आणि अखिल भारतीय ज्येष्ठतेच्या यादीत वरच असलेल्या अनेकांतून एकाला निवडताना प्रतिनिधित्वाचा विचार केला, एवढेच. तसा विचार प्रदेशाच्या बाबतीत नेहमीच होतो. अमुक उच्च न्यायालयाचा कोणीच नाही म्हणून तिथला न्यायमूर्ती घ्यावा, हे कारण आपण कुरकुर न करता स्वीकारतो. मला तर वाटते की कारण लिहून ठेवले हेच बरे झाले. लपवलेल्या कारणांवर वाद घालता येत नाही, लिहिलेल्या कारणांवर घालता येतो.

एकाच सकाळी चार शपथा

२४ मे २०१९ रोजी चार न्यायमूर्तींनी सर्वोच्च न्यायालयात शपथ घेतली. त्यांत भूषण गवई होते आणि सूर्यकांतही होते. आता गंमत पाहा. सूर्यकांत तेव्हा हिमाचल प्रदेश उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होते. गवई कोणत्याही उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती कधीच नव्हते. तरी शपथ आधी घेतली गवई यांनी, आणि सर्वोच्च न्यायालयातली ज्येष्ठता शपथेच्या क्रमावरून धरली जाते. गवई उच्च न्यायालयात नोव्हेंबर २००३ मध्ये आले होते, सूर्यकांत जानेवारी २००४ मध्ये. पूर्वीच्या दोन महिन्यांचे अंतर इथे काही मिनिटांचे झाले, पण क्रम टिकला, आणि सहा वर्षांनंतर आधी कोण सरन्यायाधीश होणार हे त्या सकाळीच जवळपास ठरून गेले.

पालखीबरोबर चालणाऱ्या दिंड्यांचे क्रमांक ठरलेले असतात हे वारी पाहिलेल्या कोणालाही ठाऊक असते. मागच्या दिंडीत एखाद्या वर्षी अधिक गोड गळ्याचे टाळकरी आले म्हणून तिला पुढचा क्रमांक मिळत नाही. न्यायमूर्तींच्या ज्येष्ठतेचेही तसेच आहे. क्रम एकदा लागला की लागला.

आता मूळ प्रश्न : सहाच महिने का?

सर्वांत ज्येष्ठ न्यायमूर्तीनेच सरन्यायाधीश व्हायचे ही रूढी, आणि ६५ वर्षे पूर्ण झाली की उतरायचे हा घटनेचा नियम. या दोन गोष्टी एकत्र ठेवल्या की उत्तर आपोआप मिळते. संजीव खन्ना यांचा जन्म १४ मे १९६०चा, गवई यांचा २४ नोव्हेंबर १९६०चा. खन्ना ६५ वर्षांचे झाले त्या दिवशी गवई यांनी शपथ घेतली, आणि स्वतः ६५ वर्षांचे होण्याच्या आदल्या दिवसापर्यंत ते पदावर राहिले. त्यांचा सहा महिने दहा दिवसांचा कार्यकाळ म्हणजे या दोन वाढदिवसांमधले अंतर, एक दिवस कमी नाही की जास्त नाही.

हा हिशेब कोणालाही लावून पाहता येतो. एन. व्ही. रमणा यांचा जन्म २७ ऑगस्ट १९५७चा आणि उदय लळीत यांचा ९ नोव्हेंबर १९५७चा; अंतर ७४ दिवस, लळीत यांचा कार्यकाळही ७४ दिवस. धनंजय चंद्रचूड यांचा जन्म ११ नोव्हेंबर १९५९चा, म्हणजे लळीत यांच्यापेक्षा ते दोन वर्षे दोन दिवसांनी लहान. त्यांना दोन वर्षे दोन दिवस मिळाले. गवई यांच्यानंतरच्या सूर्यकांत यांचा जन्म १० फेब्रुवारी १९६२चा असल्याने त्यांचा कार्यकाळ ९ फेब्रुवारी २०२७पर्यंत आहे. ज्येष्ठतेचा क्रम असाच राहिला तर २०२७ मध्ये बी. व्ही. नागरत्ना देशाच्या पहिल्या महिला सरन्यायाधीश होतील. त्यांचा आणि त्यांच्या आधीच्या विक्रम नाथ यांचा वाढदिवस ३६ दिवसांच्या अंतराने येतो, म्हणून तो ऐतिहासिक कार्यकाळही ३६ दिवसांचाच असेल.

मग यशवंत चंद्रचूड १९७८ ते १९८५ अशी सात वर्षांहून अधिक काळ सरन्यायाधीश कसे राहिले? ते तरुण वयात सर्वोच्च न्यायालयात पोहोचले होते आणि त्यांच्या पुढे असलेले वयाने बरेच मोठे होते. दुसऱ्या टोकाला १९९१ मधले कमल नारायण सिंह आहेत, अवघ्या १७ दिवसांचे सरन्यायाधीश. कर्तृत्वाशी या आकड्यांचा काही संबंध नाही. वकिलीतून चाळिशीच्या सुरुवातीला न्यायमूर्ती झालेली व्यक्ती या रांगेत टिकते. जिल्हा न्यायालयातून पन्नाशीनंतर आलेल्या न्यायमूर्तीला, तो कितीही चांगला असो, सरन्यायाधीशपदापर्यंत पोहोचायला वर्षेच उरत नाहीत. या पद्धतीतला मला सर्वांत बोचणारा अन्याय हा आहे, आणि त्यावर फार कमी बोलले जाते.

यावर उपाय म्हणून सरन्यायाधीशांना निदान दोन-तीन वर्षांची निश्चित मुदत द्यावी असे सुचवले जाते. ऐकायला ठीक वाटते, पण रांगेतल्या पहिल्याला अधिक वेळ दिला की मागचे तिघे-चौघे वाट पाहता पाहता निवृत्त होतात. मग त्यांच्यातून कोणाला संधी द्यायची आणि कोणाला वगळायचे हे कोणीतरी ठरवणार, आणि तो ‘कोणीतरी’ कोण हाच खरा वादाचा विषय होईल. सर्वांचे निवृत्तीचे वय सरसकट वाढवूनही हे अंतर बदलत नाही, कारण दोघांचेही वय सारखेच पुढे सरकते.

ज्येष्ठता मोडली तर काय होते

ज्येष्ठतेचा नियम घटनेत नाही, ती रूढी आहे. म्हणून ती मोडता येते, आणि मोडली गेलीही आहे. साताऱ्यात जन्मलेले प्र. बा. गजेंद्रगडकर १९६४ मध्ये सरन्यायाधीश झाले तेव्हा त्यांच्यापेक्षा ज्येष्ठ असलेले जाफर इमाम आजारी होते, त्यामुळे फारसा गहजब झाला नाही. १९७३ची गोष्ट वेगळी. २४ एप्रिल १९७३ रोजी केशवानंद भारती प्रकरणाचा निकाल लागला. संसदेला घटना बदलता येते, पण तिचा मूळ गाभा मोडता येत नाही, असा तो निकाल होता. दुसऱ्याच दिवशी शेलट, हेगडे आणि ग्रोव्हर या तीन ज्येष्ठ न्यायमूर्तींना डावलून अजित नाथ रे यांची निवड जाहीर झाली. डावललेले तिघे सरकारच्या विरोधातल्या बहुमतात होते, रे अल्पमतात. तिघांनीही राजीनामे दिले. १९७७ मध्ये हंसराज खन्ना यांच्या बाबतीत हेच घडले. आणीबाणीतही माणसाचा जगण्याचा हक्क संपत नाही असे एकट्याने लिहिल्याची किंमत त्यांनी मोजली.

या दोन घटनांनंतर न्यायालयाला ज्येष्ठतेची नीरस रूढी अचानक प्रिय का झाली, हे वेगळे सांगायला नको. त्या रूढीने आणखी एक परीक्षा दिली. खन्नांनी ज्या प्रकरणात विरोधी मत लिहिले, त्यात यशवंत चंद्रचूड बहुमताच्या बाजूने होते. १९७८ मध्ये आणीबाणीविरोधात निवडून आलेल्या सरकारपुढे त्यांच्या नेमणुकीचा प्रश्न आला. वकिलांमधून विरोध झाला, तरीही सरकारने ज्येष्ठता पाळली. आपल्याला नावडता माणूस केवळ त्याची पाळी आहे म्हणून येऊ देणे, यातच अशा रूढीची खरी कसोटी असते.

सरन्यायाधीश इतरांचे साहेब असतात का?

नसतात. निकाल देताना त्यांचे मत एकच. पाच जणांच्या पीठात चार जण विरोधात गेले तर सरन्यायाधीशही अल्पमतात जातात. त्यांचे वेगळेपण दुसरीकडे आहे : कोणते प्रकरण कोणत्या पीठाच्या बोर्डावर लागणार हे ते ठरवतात. वकिलांच्या भाषेत हे ‘रोस्टर’. शाळेचा मुख्याध्यापक वेळापत्रक आखतो, पण गणिताच्या शिक्षकाने दिलेले गुण बदलू शकत नाही, तसे हे आहे. अर्थात कोणता वर्ग कोणाला दिला यावरही पुष्कळ काही अवलंबून असते, हे पालकांना चांगले माहीत असते.

म्हणूनच गवई यांचे काही महत्त्वाचे लेखन ते सरन्यायाधीश होण्याआधीचे आहे. जानेवारी २०२३ मध्ये नोटाबंदी वैध ठरवणारा बहुमताचा निकाल त्यांनी लिहिला. त्यात विरोधी मत नागरत्ना यांचे होते. १ ऑगस्ट २०२४च्या निकालात सात जणांच्या पीठाने अनुसूचित जातींचे उपवर्गीकरण वैध ठरवले, तेव्हा गवई यांनी स्वतंत्र मत लिहून या प्रवर्गांतही ‘क्रीमी लेयर’ ओळखावा असे म्हटले. त्यावर आंबेडकरी वर्तुळातूनच जोरदार टीका झाली. १३ नोव्हेंबर २०२४ रोजी त्यांनी आणि के. व्ही. विश्वनाथन यांनी बुलडोझरने घरे पाडण्याच्या प्रकरणात स्पष्ट केले की केवळ कोणी आरोपी आहे म्हणून त्याचे घर पाडता येणार नाही आणि पाडकामाआधी किमान पंधरा दिवसांची नोटीस द्यावीच लागेल.

कोल्हापूरच्या सर्किट बेंचचे उदाहरण इथे उपयोगी पडेल. सर्किट बेंच म्हणजे उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी मुख्य पीठाबाहेरच्या ठिकाणी जाऊन बसणे. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची ही मागणी अनेक दशके चालू होती. १७ ऑगस्ट २०२५ रोजी गवई यांच्या हस्ते उद्घाटन झाले आणि दुसऱ्या दिवशी काम सुरू झाले, त्यामुळे श्रेय साहजिकच त्यांना दिले गेले. कायद्याने मात्र हा अधिकार सरन्यायाधीशांचा नाही. तो राज्यपालांच्या मान्यतेने उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींचा आहे, आणि अधिसूचना काढली होती तेव्हाचे मुख्य न्यायमूर्ती आलोक आराधे यांनी. सरन्यायाधीशांचे पाठबळ होते हे खरे. पाठबळ आणि अधिकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

राजकीय घरातला माणूस निःपक्ष कसा राहणार?

जुलै २०२३ मध्ये राहुल गांधी यांची दोषसिद्धीला स्थगिती मागणारी याचिका गवई यांच्या पीठासमोर आली. तेव्हा त्यांनी सुरुवातीलाच सांगून टाकले की आपल्या वडिलांचे काँग्रेसशी अनेक वर्षांचे संबंध होते आणि आपला भाऊ राजकारणात आहे; कोणत्याही बाजूची हरकत असेल तर तसे सांगावे. कोणाचीही हरकत नव्हती, सुनावणी झाली. न्यायमूर्तीने सुनावणीतून बाजूला होण्याला रिक्यूजल म्हणतात. त्याचे पक्के नियम आपल्याकडे नाहीत, बरेचसे न्यायमूर्तीच्या विवेकावर सोडलेले आहे, आणि ही उणीव आहे हे मान्य केले पाहिजे. पण नाते आधीच उघड केले की निकालाकडे लोक अधिक बारकाईने पाहतात. ती नजर हेच एक बंधन असते.

मान कोणाचा, माणसाचा की खुर्चीचा?

शपथेनंतर चारच दिवसांनी, १८ मे २०२५ रोजी, महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलने मुंबईत गवई यांचा सत्कार केला. राज्याचे मुख्य सचिव, पोलिस महासंचालक आणि मुंबईचे पोलिस आयुक्त तेव्हा स्वागताला उपस्थित नव्हते. गवई यांनी भाषणात ती गोष्ट बोलून दाखवली; त्यांचा मुद्दा होता लोकशाहीच्या तिन्ही स्तंभांनी एकमेकांचा मान राखण्याचा. त्याच दिवशी ते चैत्यभूमीवर गेले तेव्हा तिन्ही अधिकारी तिथे हजर होते. दोन दिवसांत राज्य सरकारने सरन्यायाधीशांना कायमस्वरूपी राज्य अतिथीचा दर्जा दिला. पुढे यावर कोणी जनहित याचिका केली, तेव्हा मात्र क्षुल्लक गोष्ट ताणू नये असे सांगत गवई यांच्याच पीठाने ती सात हजार रुपयांचा भुर्दंड लावून फेटाळली.

राजशिष्टाचार, म्हणजे सरकारी समारंभात कोण आधी आणि कोण नंतर याचे नियम, अनेकांना पोकळ मानपानासारखा वाटतो. केंद्राच्या अग्रक्रमतालिकेत सरन्यायाधीश लोकसभेच्या अध्यक्षांसोबत सहाव्या स्थानावर आहेत आणि सर्वोच्च न्यायालयाचे अन्य न्यायमूर्ती नवव्या. लग्नात आहेर कोणाला आधी द्यायचा यावरून घरे दुभंगलेली आपण पाहिली आहेत, म्हणून हसू येते. तरीही न्यायालयाकडे ना सैन्य आहे ना तिजोरी. त्याचा आदेश अधिकाऱ्याने पाळायचा तो या मानाच्याच आधारावर. ६ ऑक्टोबर २०२५ रोजी एका वकिलाने भर न्यायालयात गवई यांच्या दिशेने बूट फेकण्याचा प्रयत्न केला, तेव्हा त्यांनी इतरांना त्याकडे दुर्लक्ष करायला सांगून पुढची सुनावणी चालू ठेवली. मेमध्ये न पाळलेल्या शिष्टाचारावर बोललेले गवई ऑक्टोबरमध्ये गप्प राहिले, यात मला विसंगती दिसत नाही. पहिला प्रसंग पदाचा होता, दुसरा त्यांनी स्वतःपुरता ठेवला.

पद्म पुरस्कार न्यायमूर्तींनी घ्यावेत का?

घटनेच्या १८व्या कलमाने किताब रद्द केले आहेत. पद्म पुरस्कार हे किताब नाहीत, पण ते नावाच्या मागे-पुढे लावता येणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने बालाजी राघवन प्रकरणात स्पष्ट केले आहे. गजेंद्रगडकर यांना १९७२ मध्ये, हंसराज खन्ना यांना १९९९ मध्ये, माजी सरन्यायाधीश भगवती यांना २००७ मध्ये पद्मविभूषण मिळाले. सर्वोच्च न्यायालयाच्या पहिल्या महिला न्यायमूर्ती फातिमा बीवी यांना २०२४ मध्ये मरणोत्तर पद्मभूषण, तर जगदीशसिंह खेहर यांना २०२५ मध्ये पद्मविभूषण. हे सगळे सन्मान निवृत्तीनंतरचे आहेत. अडचण अशी की पुरस्कार देणारे सरकार हेच न्यायालयातले सर्वांत मोठे पक्षकार असते. पण खन्ना यांना सन्मान मिळाला तो डावलले गेल्यानंतर बावीस वर्षांनी. इतक्या काळाने मिळालेल्या पुरस्कारात मोबदला शोधणे कठीण आहे. निवृत्तीनंतर काही महिन्यांत मिळणाऱ्या पदाबद्दल तसे म्हणता येत नाही.

निवृत्तीनंतरचा प्रश्न

सर्वोच्च न्यायालयाच्या निवृत्त न्यायमूर्तीला देशातल्या कोणत्याही न्यायालयात वकिली करता येत नाही. घटनेच्या १२४व्या कलमाने ती मनाई केली आहे. लवादाचे काम, आयोग, न्यायाधिकरणे हे मार्ग उरतात, आणि काही आयोग व न्यायाधिकरणांवर निवृत्त न्यायमूर्ती लागतातच असे कायदेच म्हणतात. तिथपर्यंत ठीक. राज्यपालपद किंवा राज्यसभेतली नेमणूक हा वेगळा प्रकार झाला. पी. सदाशिवम २०१४ मध्ये निवृत्तीनंतर काही महिन्यांतच केरळचे राज्यपाल झाले आणि रंजन गोगोई मार्च २०२०मध्ये राज्यसभेत गेले, तेव्हा टीका झाली ती यामुळेच. निवृत्ती आणि अशी नेमणूक यांत काही वर्षांचे अंतर कायद्यानेच सक्तीचे करावे, हे माझे मत आहे. व्यक्तीच्या संकोचावर ते सोडू नये.

तो कायदा होईपर्यंत संकोचच काय तो आधार. गवई यांनी निवृत्तीनंतर कोणतेही सरकारी पद घेणार नाही असे पदावर असतानाच अनेकदा सांगितले. जुलै २०२५ मध्ये अमरावती जिल्ह्यातल्या दारापूर या मूळ गावी त्यांनी तेच पुन्हा सांगितले, आणि निवृत्तीनंतर दारापूर, अमरावती व नागपूर इथे अधिक वेळ घालवण्याचा बेतही बोलून दाखवला.

२४ नोव्हेंबर २०२५ रोजी ते ६५ वर्षांचे झाले. त्या दिवशी राष्ट्रपती भवनात सूर्यकांत यांनी शपथ घेतली. समारंभाला गवई सरन्यायाधीशांच्या सरकारी गाडीतून आले होते. परतताना ती त्यांनी सूर्यकांत यांच्यासाठी तिथेच ठेवली आणि ते दुसऱ्या गाडीने घरी गेले.